पडद्यावरील गुन्हेगार

गुन्हा कोणालाही आवडत नाहीं. गुन्ह्याची गोष्ट मात्र सर्वांना आवडते. चोरानें भिंत कशी फोडली, पोलिसांनीं त्याला कसें हुडकून काढलें, खटल्यांत कोण काय बोललें, हें ऐकावयाला लहानथोर सारखेच कान टवकारून बसतात. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पवित्र शास्त्राचीं पहिलीं चारदोन पानें उलटतात न उलटतात तोंच काइनानें आपल्या भावाचा वध केल्याची हकीकत येते, आणि शुभवर्तमानाच्या शेवटीं प्रभूच्या दोहों बाजूंस दोन चोर वधस्तंभावर दिसतात. तेव्हां गुन्ह्याची गोष्ट सांगणें हें पाप नव्हे. ती कशी सांगितली आणि ऐकणाराचें मन तिनें कोणाच्या शेजारीं नेऊन बसविलें, हा खरा प्रश्न होय.

हा प्रश्न आज पालकांपुढें पूर्वीपेक्षां अधिक निकडीचा झाला आहे. पूर्वीं बोलपट पाहावयाचा म्हणजे थिएटर असलेल्या गांवीं जावें लागे, तिकिटाला पैसे पडत, आणि घरांतील वडील माणसांची परवानगी लागे. आतां कर्जत-खालापुराकडील डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या वाडींतही तो मोबाईलमधून मुलाच्या तळहातावर येऊन बसला आहे. पडद्यावरील गुंडाची बोलण्याची ढब, केसांची ठेवण, ओठांत सिगारेट धरण्याची तऱ्हा मुलें किती लवकर उचलतात, हें आम्ही शिक्षक नित्य पाहतों. म्हणून ज्या देशांत असल्या बोलपटांचा जणूं कारखानाच निघाला, त्या अमेरिकेंत ते कसे जन्मास आले, त्यांतील नामांकित नट कोण होते, आणि तेथील विचारी लोकांनीं त्यांविषयीं काय म्हटलें, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. शेवटीं आपल्या महाराष्ट्रांतील एका बोलपटाशीं त्यांची तुलनाही करूं.

दारूबंदी, दारिद्र्य आणि बोलता पडदा

अमेरिकेंत ता. १७ जानेवारी १९२० पासून ता. ५ डिसेंबर १९३३ पर्यंत देशभर दारूबंदी होती. तिचा हेतु चांगला होता. ख्रिस्ती मंडळ्यांनीं व स्त्रियांच्या संस्थांनीं तिच्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली होती. पण कायद्यानें दुकानें बंद झालीं, तरी पिणारांची तहान बंद झाली नाहीं. चोरटी दारू गाळणाऱ्या व पुरविणाऱ्या टोळ्या शहरोशहरीं उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हातीं अपार पैसा खेळूं लागला. शिकागो शहरचा अल कपोन हा त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध म्होरक्या. ता. १४ फेब्रुवारी १९२९ रोजीं त्या शहरांत कपोनच्या विरोधी टोळीशीं संबंध असलेलीं सात माणसें भिंतीशीं उभीं करून गोळ्यांनीं मारण्यांत आलीं. पुढें १९३१ सालीं कपोनला अकरा वर्षांची शिक्षा झाली; पण ती खुनाबद्दल नव्हे, तर सरकारचा प्राप्तीवरील कर बुडविल्याबद्दल झाली!

याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडून आल्या. १९२९ सालीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि लाखों कामकरी बेकार झाले. प्रामाणिकपणें राबणारा उपाशी आणि टोळीवाला मोटारींत, हें दृश्य लोक रोज पाहूं लागले. दुसरी गोष्ट अशी कीं, १९२७ सालीं ‘द जॅझ सिंगर’ या चित्रपटापासून पडदा बोलूं लागला. दुसऱ्याच वर्षीं वॉर्नर ब्रदर्स या कंपनीचा ‘लाइट्स ऑफ न्यूयॉर्क’ हा आरंभापासून अखेरपर्यंत बोलणारा पहिला मोठा बोलपट निघाला, आणि लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, तो गुन्हेगारांच्या गोष्टीचाच होता. पिस्तुलाचा बार, मोटारीच्या चाकांचा कर्कश आवाज, गुंडाचें भरभर तुटक बोलणें, हें मूक चित्रपटाला साधणारें नव्हतें. ध्वनि आला आणि त्याबरोबर गुंडाला पडद्यावर कंठ फुटला.

तीन बोलपट, तीन नट

१९३१ च्या जानेवारींत मर्विन लरॉय यानें दिग्दर्शित केलेला ‘लिटल सीझर’ प्रसिद्ध झाला. रिको नांवाचा एक क्षुद्र दरोडेखोर शहरांत येतो, टोळीचा म्होरक्या होतो आणि शेवटीं पोलिसांच्या गोळ्यांनीं एका जाहिरातीच्या फळ्यामागें बेवारशासारखा मरतो, अशी ती कथा. रिकोचें काम करणारा एडवर्ड जी. रॉबिन्सन याचा जन्म १८९३ सालीं रुमानियांतील बुखारेस्ट येथें एका यहुदी कुटुंबांत झाला होता. लहानपणींच तो आईबापांबरोबर अमेरिकेस आला. ठेंगणा बांधा, रुंद जिवणी आणि करडा आवाज. नायकाचें रूप म्हणून कांहींच नाहीं! पण त्याच्या डोळ्यांतील हावरेपणानें प्रेक्षक भारून गेले. हाच मनुष्य घरीं अत्यंत सौम्य व रसिक होता. उत्तमोत्तम चित्रकारांच्या चित्रांचा त्यानें केलेला संग्रह नांवाजलेला होता. पिस्तुलाचा बार झाला कीं त्याचे डोळे आपोआप मिटत, म्हणून पापण्यांना चिकटपट्टी लावून प्रवेश घ्यावे लागले, असें सांगतात. ज्याला पाहून सारी अमेरिका दचकत होती, तोच पिस्तुलाला दचकत होता.

त्याच वर्षीं विल्यम वेलमन याचा ‘द पब्लिक एनिमी’ आला. यांत जेम्स कॅग्नी हा तरुण नट प्रथम दुय्यम भूमिकेसाठीं घेतला होता. पण काम सुरू झाल्यावर दिग्दर्शकाच्या लक्षांत आलें कीं, खरी आग या मुलांत आहे, आणि त्यानें दोघां नटांच्या भूमिकांची अदलाबदल केली. १८९९ सालीं न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींत जन्मलेल्या कॅग्नीच्या अंगांत विजेसारखी चपळाई होती. तो मूळचा नर्तक. या बोलपटाच्या आरंभीं कंपनीनें एक सूचना दाखविली होती कीं, गुंडांचें कौतुक करावें हा आमचा हेतु नसून समाजाच्या एका थरांतील वस्तुस्थिति प्रामाणिकपणें दाखवावी एवढाच आहे. शेवटही मोठा भयंकर आहे. मुलगा इस्पितळांतून घरीं येणार म्हणून आई माडीवर आनंदानें बिछाना घालीत आहे, खालीं ग्रामोफोन वाजत आहे, आणि दार उघडतांच पट्ट्यांनीं गुंडाळलेलें त्याचें प्रेत घरांत कोसळतें.

तिसरा बोलपट १९३२ चा ‘स्कारफेस’. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि मुख्य नट पॉल मुनी. कपोनच्या चरित्रावर बेतलेल्या या बोलपटावर परीक्षकांनीं इतके आक्षेप घेतले कीं, त्याच्या नांवाला ‘राष्ट्राची लाज’ अशा अर्थाची पुस्ती जोडावी लागली. पॉल मुनी यहुदी रंगभूमीवर वाढलेला नट. त्याच वर्षीं त्यानें ‘आय ॲम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’ या बोलपटांत तुरुंगांतील बेड्या-सांखळ्यांच्या अमानुष शिक्षेंत सांपडलेल्या एका दुर्दैवी माणसाचें काम केलें, आणि त्या पद्धतीविरुद्ध लोकमत जागृत होण्यास त्या बोलपटाचें मोठें साहाय्य झालें. पुढें १९३६ सालीं याच मुनीनें लुई पाश्चर या शास्त्रज्ञाची भूमिका केली आणि तिच्याबद्दल त्याला ऑस्कर पारितोषिक मिळालें. खुनी आणि प्राण वांचविणारा शास्त्रज्ञ, दोघांनाही चेहरा एकाच माणसाचा! विद्यार्थ्यांनीं एवढी एक गोष्ट मनांत पक्की धरली, तरी पुष्कळ झालें. नट निराळा आणि पात्र निराळें. पडद्यावरील गुंडाची जी ऐट आपल्याला भुरळ घालते, ती खऱ्या गुंडाची नसते. ती एका मेहनती कलावंताच्या अभ्यासाची असते.

शेवटचीं पांच मिनिटें पुरेशीं आहेत काय?

या तिन्ही बोलपटांत गुन्हेगार शेवटीं मरतो. मग तक्रार कशाची? तक्रार अशी होती कीं, दीड तासपर्यंत प्रेक्षकाला गुंडाच्या मोटारींतून फिरवावयाचें, त्याच्या उंची कपड्यांचें व बेडरपणाचें दर्शन घडवावयाचें, आणि शेवटीं पांच मिनिटांत त्याला गोळी घालून ‘पाहा, पापाचें फळ’ म्हणावयाचें, यानें कोंवळ्या मनावर कोणता ठसा अधिक खोल उमटेल?

हॉलिवुडच्या कंपन्यांनीं १९३० सालींच एक नियमावलि मान्य केली होती. ती तयार करण्यांत डॅनियल लॉर्ड या जेझुइट धर्मगुरूचा प्रमुख हात होता. गुन्ह्याच्या बाजूला प्रेक्षकांची सहानुभूति झुकेल असें कांहीं दाखवूं नये, हें तिचें एक मुख्य सूत्र. पण चार वर्षें ती बहुतेक कागदावरच राहिली. पुढें कॅथलिक बिशपांनीं मोठी चळवळ उभारली, तेव्हां १९३४ च्या जुलैपासून जोसेफ ब्रीन याच्या देखरेखीखालीं तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. १९३५ सालीं ‘जी मेन’ या बोलपटांत तोच कॅग्नी गुंडांचा पाठलाग करणारा सरकारी अधिकारी म्हणून दिसूं लागला. ही नियमावलि १९६८ पर्यंत चालली. नंतर प्रेक्षकांच्या वयाप्रमाणें चित्रपटांची वर्गवारी करण्याची पद्धत आली.

याच काळांत पेन फंड या निधीच्या साहाय्यानें अमेरिकेंतील विद्वानांनीं चित्रपटांचा मुलांवर होणारा परिणाम तपासला. १९३३ पासून त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. त्यांवरून एक गोष्ट दिसली कीं, तोच चित्रपट सर्व मुलांवर सारखा परिणाम करीत नाहीं. घर, शेजार, सोबती हे चांगले असले, तर मूल चित्रपटांतून एक घेतें. हे वाईट असले, तर दुसरेंच घेतें. आम्हांस हा निष्कर्ष पालकांच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा वाटतो. पडदा हा बीं टाकतो खरा. पण जमीन घरचीच असते.

ज्याला धांवतां आलें नाहीं

हाच प्रश्न ज्याच्या कथेचा गाभा आहे, असा एक बोलपट १९३८ सालीं निघाला. त्याचें नांव ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ. रॉकी आणि जेरी हे गरीब वस्तींतील दोन मित्र लहानपणीं आगगाडीच्या डब्यांतील माल चोरतात. पोलिस मागें लागतात. जेरी वेगानें धांवून निसटतो, रॉकी सांपडतो. रॉकी सुधारगृहांत जातो, तेथून तुरुंगांत, आणि अट्टल गुन्हेगार होतो. जेरी धर्मगुरु होऊन त्याच वस्तींतील मुलांची सेवा करतो. रॉकीचें काम कॅग्नीनें आणि धर्मगुरूचें काम पॅट ओब्रायन यानें केलें आहे.

वस्तींतील मुलें रॉकीला देव मानतात. त्याला देहान्ताची शिक्षा होते. मरणाच्या घटकेपूर्वीं धर्मगुरु मित्र तुरुंगांत जाऊन त्याच्याजवळ एक विलक्षण मागणी करतो. तो म्हणतो कीं, तूं शूरासारखा मेलास, तर हीं मुलें जन्मभर तुझें अनुकरण करतील. म्हणून तूं भ्याडासारखा रडत, विनवणी करीत मर. गुन्हेगाराजवळ शेवटीं उरलेली एकच वस्तु म्हणजे त्याची ऐट. तीच टाकून दे, असें हें मागणें. रॉकी प्रथम साफ नाकारतो. पण अखेरच्या क्षणीं तो खरोखरच किंचाळत, गयावया करीत मरतो. तें सोंग होतें कीं खरी भीति होती, हें कॅग्नीनें मुद्दामच उकलून दाखविलेलें नाहीं. शेवटीं धर्मगुरु त्या मुलांना प्रार्थनेस नेतो, आणि ती प्रार्थना, आपल्याइतकें वेगानें ज्याला धांवतां आलें नाहीं, त्या मुलासाठीं असते.

आमच्या मतें या जातीच्या सर्व बोलपटांचें मर्म येथें उघड झालें आहे. गुन्हेगाराविषयीं आपल्या मनांत दोन भाव उत्पन्न होऊं शकतात: एक दया, दुसरा कौतुक. दोन्ही भाव दिसावयास जवळजवळ असतात, म्हणून आपली फसगत होते. दया म्हणते, ‘हा माझ्यासारखाच मुलगा होता, याच्या जागीं मीही असतों.’ कौतुक म्हणतें, ‘मी याच्यासारखा व्हावें.’ पहिल्यानें मन नम्र होतें, दुसऱ्यानें तें बिघडतें. धर्मगुरूनें रॉकीचें कौतुक मोडलें, पण त्याची दया सोडली नाहीं.

काळोखाचे बोलपट

पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या बोलपटांचें रूप पालटलें. जर्मनींत १९३३ सालीं हिटलरची सत्ता आल्यावर फ्रिट्झ लँग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक असे कुशल लोक तेथून परागंदा झाले आणि कालांतरानें अमेरिकेस पोंचले. त्यांच्याबरोबर छायाप्रकाशाची एक निराळी दृष्टि आली: ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, अर्धा चेहरा उजेडांत आणि अर्धा अंधारांत. १९४६ सालीं फ्रान्समधील टीकाकारांनीं या बोलपटांना ‘काळे चित्रपट’ अशा अर्थाचें नांव दिलें आणि तेंच रूढ झालें.

या काळचा मुख्य नट हम्फ्री बोगार्ट. १९४१ च्या ‘द माल्टीज फाल्कन’ या बोलपटांत तो खाजगी गुप्त पोलिस आहे. जिच्यावर त्याचें मन जडलें, तीच खुनी आहे असें कळल्यावर तो तिला स्वतः पोलिसांच्या हवालीं करतो. त्याच्या ओठांतील सिगारेट जगभरच्या तरुणांनीं उचलली. पण १९५७ सालीं अन्ननलिकेच्या कर्करोगानें तो अवघ्या ५७ व्या वर्षीं वारला, हें त्यांतील कितीजणांना ठाऊक असेल? १९४४ च्या ‘डबल इन्डेम्निटी’ या वाइल्डरच्या बोलपटांत फ्रेड मॅकमरी हा विमा कंपनीचा एजंट आणि बार्बरा स्टॅनविक ही एक विवाहित स्त्री मिळून विम्याच्या पैशासाठीं तिच्या नवऱ्याचा खून करतात. येथें टोळी नाहीं, मोटारींचा पाठलाग नाहीं. आपल्या शेजारीं राहणारा एक सामान्य, हंसतमुख मनुष्य लोभाच्या एकेका पायरीनें खालीं उतरत जातो. आणि त्याचें बिंग ज्याच्या चाणाक्षपणामुळें टिकत नाहीं, तो कंपनीचा सचोटीचा अधिकारी कोण? तोच एडवर्ड जी. रॉबिन्सन, एकेकाळचा ‘लिटल सीझर’!

मुंबई-पुण्याच्या मध्यावर

आपलें कर्जत हें मुंबई-पुणें लोहमार्गावर घाटाच्या तोंडाशीं वसलेलें. कर्जत-चौक रस्त्यावर २००५ सालीं एन. डी. स्टुडिओ उभा राहिला, तेव्हांपासून चित्रपटांचे किल्ले आणि राजवाडे लाकडाचे व प्लास्टरचे असतात, हें आपल्याकडील मुलांना नव्यानें सांगावें लागत नाहीं. पण त्याच्या कितीतरी आधीं या मार्गाच्या दोन्ही टोकांस बोलपट तयार होत होते: एका टोकास मुंबई, दुसऱ्या टोकास पुण्याची प्रभात फिल्म कंपनी. १९२९ सालीं कोल्हापुरांत निघालेली ही कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली. तिच्याच जागेंत १९६० पासून सरकारची चित्रपट-शिक्षणसंस्था चालू आहे.

कॅग्नीच्या त्या बोलपटानंतर अवघ्या एका वर्षानें, १९३९ सालीं, प्रभातनें ‘माणूस’ हा बोलपट काढला; त्याची हिंदी आवृत्ति ‘आदमी’ या नांवाची. दिग्दर्शक व्ही. शांताराम. जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडतो, त्या वेळीं गणपत नांवाच्या साध्या पोलिस शिपायाला मैना ही पापाच्या धंद्यांत सांपडलेली स्त्री भेटते. तो तिला सोडवितो, तिच्यावर प्रेम करतो, आपल्या आईच्या घरीं सन्मानानें आणूं पाहतो. परंतु पूर्वायुष्याची लाज तिला सोडीत नाहीं. ती दूर निघून जाते. पुढें तिला छळणाऱ्या दुष्ट मामाचा तिच्या हातून खून होतो आणि ती तुरुंगांत जाते. गणपत तिला सोडविण्याची तयारी दाखवितो, पण ती नकार देते. आपल्यासाठीं त्यानें आपलें कर्तव्य मोडावें हें तिला मान्य नाहीं.

मैनेचें काम शांता हुबळीकर यांनीं केलें, आणि गणपतचें शाहू मोडक यांनीं. शाहू मोडक हे १९१८ सालीं अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत जन्मले. १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्यें त्यांनीं बाळकृष्णाचें काम केलें, १९३९ सालीं पोलिस शिपायाचें, आणि १९४० सालीं ‘संत ज्ञानेश्वर’ या बोलपटांत ज्ञानेश्वरांचें. महाराष्ट्रांतील लक्षावधि भाविकांनीं या ख्रिस्ती तरुणाच्या मुखांत आपल्या संतांचें दर्शन घेतलें. मुनीविषयीं जें वर म्हटलें, तेंच येथेंही खरें आहे: चेहरा एक, पात्रें अनेक.

‘माणूस’मध्यें आणि अमेरिकेंतील टोळीपटांत भेद कोठें आहे? शांतारामांनीं प्रेक्षकाला गुंडाच्या मोटारींत न बसवितां तुटपुंज्या पगाराच्या शिपायाबरोबर रस्त्यानें पायीं चालविलें. मैनेच्या हातून खून होतो, तरी तिच्याविषयीं दया वाटते. पण तिच्यासारखें व्हावें असें कोणाच्याही मनांत येत नाहीं. १९४३ सालीं मुंबईच्या बॉम्बे टॉकीजनें ‘किस्मत’ काढला. त्यांत अशोककुमारांनीं रंगविलेला खिसेकापू इतका गोड आहे कीं, कलकत्त्याच्या एकाच थिएटरांत तो बोलपट तीन वर्षांहून अधिक चालला. पुढें १९५१ सालीं गुरुदत्तांच्या ‘बाजी’मध्यें देव आनंद जुगारी होऊन आले, तेव्हां अमेरिकेंतील काळ्या बोलपटांची टोपी, सिगारेट व सावली हिंदी पडद्यावर कायमची येऊन बसली. हे बोलपट कसबाचे आहेत, यांत शंका नाहीं. पण पाहणारानें आपल्या मनाला विचारावें: येथें मला दया वाटते आहे, कीं कौतुक?

पाहावें कसें?

पालकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, केवळ बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाहीं. दारूबंदीची कथा वर सांगितलीच आहे. परीक्षण मंडळाचा दाखला पाहण्याची संवय ठेवावी. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ या वर्गांत ७, १३ व १६ वर्षें अशा वयाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. आणि शक्य तेव्हां मुलांबरोबर बसून पाहावें. बोलपट संपल्यावर दोन वाक्यें बोललीं, तरी त्यांचा उपयोग दहा निषेधांहून अधिक होतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही असा बोलपट पाहाल, तेव्हां तीन गोष्टींकडे लक्ष द्या. ज्याची ऐट आवडली, तो नट असून त्याची खरी कमाई मेहनतीची आहे, हें विसरूं नका. ज्याचा खिसा कापला गेला किंवा ज्याचा मुलगा मारला गेला, तो मनुष्य पडद्यावर एक क्षणच दिसतो. त्याच्या घरीं त्या रात्रीं काय झालें असेल, तें स्वतः मनाशीं पुरें करा. आणि एखाद्या गुन्हेगाराविषयीं डोळ्यांत पाणी आलेंच, तर तें येऊं द्या. त्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं. फक्त त्याबरोबर आपल्याच वर्गांतील मागें पडलेला, शाळा बुडविणारा, वाईट संगतीकडे झुकलेला एखादा मुलगा आठवा आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या शेजारीं जाऊन बसा. त्याला कदाचित् तुमच्याइतकें वेगानें धांवतां आलें नसेल.